बर्कीचा धबधबा: कोल्हापुरातून निघण्याआधी मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस झाला की माझा फोन वाजायला लागतो. भाच्याचे कॉलेजातले मित्र, बायकोच्या बँकेतल्या मैत्रिणी, पुण्याहून सुट्टीला आलेले पाहुणे, सगळ्यांना बर्कीला जायचं असतं. मी विद्यार्थी असताना पहिल्यांदा तिथं गेलो आणि तेव्हापासून जवळजवळ एकही पावसाळा चुकवलेला नाही. धबधब्याकडं नेणाऱ्या अरुंद घळीनं मला फार आनंद दिलाय आणि एकदा चांगलंच घाबरवलंयही. त्यामुळे सांगताना दोन्ही सांगतो. तेच प्रश्न, तीच उत्तरं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवलीत.

बर्की नेमकं कुठं आहे? जायचं कसं?

शाहूवाडी तालुक्यात, कासारी नदीच्या खोऱ्यात. कोल्हापुरातून अंतर साधारण ५० किलोमीटर. रंकाळ्यावरून फुलेवाडी, बालिंगा करत गगनबावड्याच्या रस्त्याला लागायचं, कळ्यातून बाजारभोगावचा रस्ता धरायचा आणि पुढं अणुस्कुऱ्याच्या दिशेनं जायचं. बाजारभोगाव मागं पडलं की ऊस कमी होत जातो आणि भाताची खाचरं दिसायला लागतात. रस्ता अरुंद होतो, वळणं वाढतात, म्हणून पावसात दीड-दोन तास धरूनच चाला. दुचाकीवर असाल तर शेवटच्या टप्प्यात शेणाचा आणि चिखलाचा थर रस्त्यावर असतो, तिथं ब्रेक जपून.

एसटीनं जायचं असेल तर आदल्या दिवशी रंकाळा स्टँडवर चौकशी करा. परतीची गाडी कधी आहे ते आधी विचारा, जायची नंतर.

कोणता महिना चांगला?

सगळ्यांना जुलै हवा असतो. मी मघा-पूर्वाच्या बाजूनं आहे.

आपल्याकडं पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. तरणा साधारण ६ जुलैला लागतो, म्हातारा २० जुलैच्या आसपास. या महिनाभरात घाटमाथ्यावर पाऊस असा कोसळतो की धबधबा आहे हे फक्त आवाजावरून कळतं. समोर पांढरं धुकं, तोंडावर तुषार, आणि कडा दिसतच नाही. पाणी लाल, ओढा फुगलेला, पायवाटेचाही ओढा झालेला. त्यात घळीत शिरणं म्हणजे धोका जास्त आणि बघायला मिळणार कमी.

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा आणि सप्टेंबर मात्र सोन्यासारखा. पाणी भरपूर असतं पण निवळलेलं. पावसाच्या सरी येतात-जातात, मध्ये ऊन पडतं, आणि त्या उन्हात तुषारांवर इंद्रधनुष्य उमटतं. बांधाबांधावर सोनकी फुललेली असते. गौरी-गणपती झाले की गर्दीही ओसरते.

परतीच्या पावसात, म्हणजे हस्ताच्या आसपास, दुपारनंतर विजा होतात. तेव्हा जायचंच असेल तर सकाळी लवकर जाऊन दुपारच्या आत परत फिरा. दिवाळीनंतर धार बारीक होत जाते.

रस्ता किंवा पूल बंद आहे का, हे घरबसल्या कसं ओळखायचं?

कोल्हापूरकर पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे लहान पोरांनाही पाठ असतं. तीच सवय इथंही उपयोगी पडते, पण अर्धीच. पंचगंगा इशाऱ्याच्या जवळ असेल तर बालिंग्यापासून पुढं गगनबावडा रस्त्यावर कुठं ना कुठं पाणी येणार आणि बाजारभोगावात कासारीचं पाणी शिरणार, हे गृहीत धरून बेत रद्द करा. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण शहरात पातळी कमी दिसते म्हणून वर सगळं ठीक आहे, असं समजू नका. बंधाऱ्यावरचं पाणी काल खोऱ्यात काय झालं ते सांगतं. आता या क्षणी बर्कीच्या डोक्यावर किती पडतोय, ते त्यातून कळत नाही. बर्की गावाकडं जाणारा पूल जोराच्या पावसात बघता बघता पाण्याखाली जातो. सकाळी कोरड्या पुलावरून गेलेले पर्यटक दुपारी पलीकडं अडकतात, असं पूर्वी झालेलं आहे. म्हणून पुलावर आलात की दोन मिनिटं थांबा. पाणी पुलाच्या खालच्या कडेपासून किती हात खाली आहे ते बघा, आणि पाऊस चालू असेल तर परत येताना ते किती वर आलेलं असेल याचा विचार तिथंच करा. पुलावरून एक वीतभर पाणी जरी वाहत असलं तरी गाडी घालायची नाही.

चालायला किती आहे? सवय नसलेल्याला जमेल का?

गावातून दोनेक किलोमीटर. चांगल्या हवेत पाऊण तास, चिखलात एक तास. चढ दमवणारा नाही. सुरुवातीला शेतं, मग झाडी दाट होत जाते आणि वाट ओढ्याच्या सोबतीनं घळीत शिरते. काही ठिकाणी पाण्यात पाय घालावाच लागतो. शेवटचा टप्पा मोठ्या दगडधोंड्यांचा, तिथं हात टेकत जावं लागतं.

एखादा माणूस रोज रंकाळ्याला फेरी मारत असेल तर त्याला दमछाकीचा त्रास होणार नाही. अडचण गुडघ्यांची आणि तोलाची होते. घोटा मुरगळण्याचे प्रकार जाताना कमी होतात आणि येताना जास्त, कारण येताना पाय दमलेले असतात आणि गप्पा वाढलेल्या असतात.

डोक्यावर ऊन होतं तरी पाणी अचानक वाढलं, असं लोक सांगतात. हे खरं आहे का?

खरं आहे. या सगळ्या प्रश्नांमधला एकच नीट वाचायचा असेल तर हा वाचा.

धबधब्याच्या वर सडा आहे, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो पाणी पितो, स्पंजासारखं धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. पाऊस उघडल्यावरही धबधबा कितीतरी दिवस वाहत राहतो तो त्यामुळेच. पण जुलै उजाडेपर्यंत सडा तृप्त झालेला असतो. त्यानंतर वर पडलेला प्रत्येक थेंब मुरण्याऐवजी धावायला लागतो आणि सगळ्या बाजूंनी येऊन एकाच तोंडातून खाली पडतो. खाली घळ अरुंद. पाण्याला पसरायला जागा नाही, म्हणून ते उंच होतं.

घळीत उभं राहून आभाळाची एक पट्टीच दिसते. त्या पट्टीत निळं आकाश असेल आणि तेवढ्यात दोन किलोमीटरवर सड्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस असेल. आवाजावरूनही कळत नाही, कारण धबधब्याचा आवाज सगळं गिळतो.

एका ऑगस्टमध्ये आम्ही सहा जण धबधब्यासमोरच्या धोंड्यांवर डबे उघडून बसलो होतो. ऊन होतं. गावातले एक मामा गुरांमागं फिरत खाली आले होते, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, हातात काठी. ते आमच्याकडं बघतच नव्हते, ओढ्याकडं बघत होते. मग म्हणाले, "पावणं, डबं झाका आता. वर धरलाय." मला काहीच वेगळं दिसत नव्हतं. त्यांनी काठीनं पाणी दाखवलं. निवळ पाण्यात एक तपकिरी रेघ मिसळत होती, चहात दूध सोडल्यावर दिसते तशी, आणि तिच्यासोबत ओली पानं आणि काटक्या येत होत्या. आम्ही उठलो. जाताना घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेली जागा दहा-बारा मिनिटांनी गुडघ्याच्या वर आली होती. मामांनी एकेकाला हाताला धरून पलीकडं काढलं. आणखी दहा मिनिटं बसलो असतो तर पलीकडं जाताच आलं नसतं.

त्या दिवसापासून मी बसण्याआधी पाण्याच्या कडेला एक ओळखू येईल असा दगड ठेवतो. दर पाच मिनिटांनी त्याच्याकडं बघायचं. दगड बुडाला, पाण्याचा रंग बदलला, पानं-काटक्या वाढल्या, गार वाऱ्याचा झोत घळीतून खाली आला, यातलं एक जरी झालं तरी उठायचं. फोटो, डबा, उरलेला चहा, सगळं तिथंच.

आणि उठताना ओढ्याच्या दिशेनं खाली पळायचं नाही. पाणी तुमच्यापेक्षा जोरात येतं. बाजूच्या उतारावर चढायचं. ओलांडता येत नसेल तर उंच जागी थांबायचं आणि पाणी उतरायची वाट बघायची. वरचा पाऊस थांबला की असं पाणी सहसा तास-दोन तासांत उतरायला लागतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध खडकावर अडकलं आणि लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेलं. काठ काही पावलांवर होता. ती दृश्यं मी विसरू शकलेलो नाही, आणि म्हणूनच हे उत्तर इतकं लांबलंय.

ही घळ मुळात तयार कशी झाली?

हा प्रश्न मुलं विचारतात आणि मला तो फार आवडतो.

सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला, थिजला. काही थर घट्ट काळ्या कातळाचे झाले, काही बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेले ठिसूळ. कड्याकडं नीट बघितलं तर हे थर आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात. पाणी ठिसूळ थर आधी खातं. वरचा घट्ट कातळ छज्जासारखा पुढं आलेला राहतो आणि खालचा आधार गेल्यावर एक दिवस तुटून पडतो. असा तुटत तुटत धबधबा मागं सरकत जातो. ज्या घळीतून आपण चालत जातो ती त्याच्या मागं सरकण्याची खूण आहे. वाटेतले हत्तीएवढे धोंडे वरून पडलेले आहेत.

आणि म्हणूनच कड्याच्या अगदी बुडाला जाऊन उभं राहू नये. दगड अजूनही पडतात.

डोहात पोहता येईल का?

नाही. उत्तम पोहणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे. उंचावरून पडलेल्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की अंग नेहमीसारखं तरंगत नाही. पाणी वरून खाली आणि खालून मागं फिरत असतं, तळ दिसत नाही, आणि धारेबरोबर दगड येऊ शकतात. धारेपासून लांब, गुडघाभर वाहत्या पाण्यात बसा, तुषार अंगावर घ्या. तेवढ्यानंच माणूस चिंब होतो.

बूट कोणते घालावेत? आणि सोबत काय घ्यावं?

तळव्याला खोल खाचा असलेले, घोट्याला धरून ठेवणारे बूट. सपाट तळाचे पांढरे बूट, चप्पल, क्रॉक्स नकोत. गावातली माणसं प्लॅस्टिकचे पावसाळी बूट घालून हरणासारखी चालतात, पण त्यांचा पाय तयार झालेला असतो.

कातळावर पाय कुठं टाकायचा हे मात्र बुटापेक्षा महत्त्वाचं. काळा, चकचकीत, पाण्याची पातळ साय असलेला दगड सगळ्यात निसरडा, कारण त्यावर शेवाळ असतं. खडबडीत, करड्या रंगाचा दगड पाय धरतो. पाण्यातून जाताना एका दगडावरून दुसऱ्यावर उडी मारण्यापेक्षा सरळ पाण्यात तळाला पाय ठेवून जावं. बूट भिजतील, भिजू द्या.

जीन्स भिजली की जड होते आणि वाळत नाही. साधी ट्रॅकपँट बरी. छत्री घळीत उपयोगाची नाही, रेनकोट घ्या. मोबाईलसाठी घट्ट पिशवी, एक बॅटरी, एक शिट्टी, कोरडे कपडे गाडीत, थोडं मीठ, आणि एक काठी. शिट्टी हसण्यावारी नेऊ नका. धबधब्याजवळ माणसाची हाक दहा पावलांवर पोचत नाही, शिट्टी पोचते.

जळवा, साप आणि गवे यांचं काय?

जळवा असणारच. ओल्या पाचोळ्यात उभ्या राहून डुलत असतात आणि पाय जवळ आला की चिकटतात. दुखत नाही, पण ओढून काढू नका. नखानं तोंडाच्या बाजूनं सरकवत सोडवा, किंवा मीठ लावा. जळू रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते, म्हणून सुटल्यावरही थोडा वेळ रक्त वाहतं. घाबरायचं कारण नाही. धुवून दाबून धरा. मोज्यांवर आधीच मीठ-तंबाखूचं पाणी शिंपडलं तर त्रास कमी होतो, हे गावातल्या मावशींनी शिकवलेलं.

सापांमध्ये पावसाळ्यात ओढ्याकाठी चापडा दिसू शकतो. हिरवा, झुडपाच्या फांदीवर तासन् तास न हलता बसलेला. म्हणून आधारासाठी फांदी धरताना आधी बघा आणि मग हात घाला. दगडाच्या कपारीत हात घालू नका. आपल्याकडं मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेली आहे, चापड्यासाठी नाही. तरीही कुठलाही दंश झाला तरी दवाखानाच गाठायचा. कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही. चावलेला अवयव न हलवता माणसाला उचलून न्यायचं.

गवे या पट्ट्यात आहेत. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि राधानगरी अभयारण्य यांच्यामधलं हे जंगल, जनावरांची येण्याजाण्याची वाट. पहाटे किंवा संध्याकाळी रस्त्यावर गवा दिसला तर गाडी लांब थांबवा, हॉर्न देऊ नका, त्याला जाऊ द्या. पायी असाल तर मागं सरका. एकटा गवा कळपापेक्षा जास्त बेभरवशाचा.

सड्यावर चढून वरून धबधबा बघता येईल का?

वाटाड्याशिवाय नको. धुकं उतरलं की सड्यावर दिशा कळत नाही आणि कड्याची कड गवताखाली लपलेली असते.

लहान मुलं आणि आई-बाबा सोबत आहेत. न्यावं का?

दहा वर्षांपुढची, चालायची सवय असलेली मुलं सप्टेंबरात न्यायला हरकत नाही, एका मुलामागं एक मोठा माणूस असेल तर. त्याहून लहान मुलांना आणि गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना राधानगरी तालुक्यातल्या राऊतवाडीच्या धबधब्याला न्या. तो रस्त्याजवळ आहे, चालणं जवळजवळ नाही. येताना राधानगरी धरण बघून या. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे आजी-आजोबांनी नातवंडांना दाखवावेत असेच आहेत. माझी आई अजून दरवर्षी तिकडं नेण्याचा हट्ट धरते, आणि मी नेतो.

जेवणाची सोय?

आदल्या दिवशी गावात सांगून ठेवलं तर घरगुती जेवण मिळू शकतं. ऐनवेळी दहा जणांनी दारात उभं राहून जेवण मागू नये. भातलावणी चालू असते, घरातल्या बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. मी बहुतेक वेळा घरूनच भाकरी, झुणका, खर्डा आणि भडंग नेतो. प्लॅस्टिकच्या वेष्टनातलं काही नेलंत तर वेष्टन परत आणायची पिशवीही न्या. घळीत टाकलेली बाटली कासारीत जाते, कासारी प्रयागला पंचगंगेत येते, आणि पंचगंगेचं पाणी आपल्याच शहराच्या कडेनं जातं.

गावात किंवा वन समितीकडं प्रवेशाचे, पार्किंगचे पैसे मागितले तर सुटे देऊन पावती घ्या, वाद घालू नका. त्याच लोकांना पावसात आपल्यामागं धावत यावं लागतं. दारू पिऊन येणाऱ्यांना मी माझ्यासोबत कधीच नेत नाही, आणि नेणारही नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश असेल तर तोही पाळायचा.

काही बरंवाईट झालं तर कुणाला सांगायचं?

घळीत मोबाईलच्या रेंजचा भरवसा धरू नका. म्हणून जाण्याआधी गावात कुणाला तरी सांगून जा: किती जण, किती वाजेपर्यंत परत. जखमीजवळ एकानं थांबायचं आणि दोघांनी गावात जायचं, एकट्याला पाठवायचं नाही. रेंज मिळाली की ११२, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. मोठी दुखापत असेल तर शेवटी कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यातच यावं लागतं, त्यामुळे एक गाडी नेहमी गावाच्या तोंडाशी, बाहेर काढता येईल अशी लावलेली असावी. सगळ्या गाड्या एकामागं एक अडकवून ठेवल्यामुळे अर्धा तास वाया गेलेला मी बघितलाय.

त्याच दिवशी पावनखिंडही करता येईल का?

वेळेच्या हिशोबानं येईल. पण मी दोन वेगळे दिवस ठेवतो. पावनखिंडीतही लोखंडी शिडीनं खाली उतरलं की ओढ्याचं पाणी आणि दोन्ही बाजूंचे कातळ असतात, कासारीचा उगमही त्याच परिसरातला. १३ जुलै १६६० ला, पन्हाळ्याहून रात्रभर पावसात चालत आलेल्या बाजीप्रभूंनी आणि बांदल मावळ्यांनी ती अरुंद वाट रोखून धरली. धबधब्यात भिजून, घाईघाईत, तासाभरात उरकायची ती जागा नाही. तिथं वेगळे या, आणि शांतपणे बसा.

परत कधी फिरायचं?

तीनला घळीच्या बाहेर. पावसाळी ढगात झाडीखाली पाचलाच अंधारतं, आणि पूल अजून ओलांडायचा असतो. गावात आलात की ज्यांना सांगून गेला होता त्यांना आलो म्हणून सांगा. नाहीतर ती माणसं बॅटऱ्या घेऊन तुम्हाला शोधायला निघतात.